'आपल्यात कागद कशाला?' म्हणणाऱ्या दादांस

प्रति,
आदरणीय दादा,
मु. पो. मुरुड, ता. जि. लातूर



तुमच्या दुकानाचा लोगो, पोराच्या लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, सगळं वेळेत पोचलं. पैशाचा विषय काढला की तुम्ही खांद्यावर हात ठेवून म्हणता, "आपल्यात कागद कशाला? शब्द हाय की!" हात वजनदार आहे, दादा. बिल त्याच्याखालीच दबलंय.

तरी उपकार विसरणार नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारनं शंभराचा स्टॅम्प पाचशेवर नेला. तुमच्या शब्दानं माझे तेवढे पाचशे वाचवले.

फ्लेक्सचं ठरलं तेव्हा वर एक साहेब आणि खाली दहा शुभेच्छुक होते. मग मेहुणे आले. मग मेहुण्यांचे मित्र. मग "साहेबांचा फोटो जरा मोठा करा", आणि साहेब मोठे झाल्यावर "आमचा का बारका दिसतोय?" हे सगळं ठरलेल्या पैशातच. ठरलेलं नेमकं काय होतं, ते फक्त तुम्हाला आठवतं आणि दर वेळी थोडं वाढवून आठवतं.

एक शंका विचारू? हंगामाआधी ऊसतोडीच्या मुकादमाला उचल देताना तुम्ही नोटरी करता, सही केलेले कोरे चेक घेता, वर जामीनदार उभा करता. लातूरच्या आडतीवर सोयाबीन घातलं की हिशोबपट्टी हातात पडल्याशिवाय हलत नाही. एवढा मोलाचा शब्द मग एकट्या माझ्यावरच का उधळता?

कायद्याची काळजी नको. 1872 चा करार कायदा तोंडी करारही मानतो. पुढचं मात्र वाचू नका. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात पैसे द्यायची मुदत लेखी ठरली असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, आणि लेखी काहीच नसेल तर 15. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. माझी उद्यम नोंदणी आहे. कागद टाळून तुम्ही स्वतःचाच महिना घालवलात की!

आणि तो लोगो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायला सहीचा कागद लागतो. तो तर आपल्यात नाहीच. म्हणजे तुमच्या शटरवर, पिशव्यांवर, टेम्पोवर माझी मालमत्ता मिरवतेय. मिरवू द्या. आपल्यात काय!

स्टॅम्प नकोच म्हणतो मी. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरे: काम कोणतं, पैसे किती, इसार किती, दुरुस्त्या किती वेळा. एवढं लिहायला नातं आड येत असेल तर सोयरीक जमल्यावर याद्या तरी कशाला करता?

कळावे, लोभ आहेच, बाकीही आहे.

आपला,
शब्दावर पोट भरणारा

ता. क. : कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्यानं जवसाच्या सौद्याच्या मेसेजवर नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि माल दिलाच नाही. 2023 मध्ये न्यायालयानं तो अंगठा सहीसारखाच धरला आणि त्याला सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. तिकडचा निकाल इकडे बंधनकारक नाही, घाबरू नका. पण माझ्या परवाच्या चार ओळींवर तुमचा अंगठा आलाय. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.