स्वयंपाकघरातला गरीब, शेतातला मानकरी

स्वयंपाकघरात बटाट्याइतका गरीब स्वभावाचा दुसरा कोणी नाही. वांग्यात घाला, मटारच्या रश्शात ढकला, पोह्यांत बारीक चिरून टाका, तक्रार नाही. अवचित पाहुणे आले की पहिली हाक त्यालाच. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून आलेला हा गडी आपल्या एकादशीलाही चालतो. घरच्या ज्वारीला मात्र त्या दिवशी पानात जागा नाही.

पण शेतात त्याचा थाट बघा. पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. तिथे त्याची बडदास्त जावयाची. बेणं बहुतेक पंजाबातून मागवायचं, कारण घरचंच बेणं फिरवत राहिलं तर मावा त्यात रोग पसरवतो आणि पीक दरसाल बसत जातं. उत्तरेच्या थंडीत मावा कमी. जातीचं नावही तिकडचंच: १९६८ साली आलेली कुफरी ज्योती, सिमल्याजवळच्या कुफरीची.

मग फोडी करायच्या. प्रत्येकीला दोन-तीन डोळे हवेत. आंधळी फोड सरीत नुसती कुजते. कापलेल्या अंगाला राख चोळून फोडी सावलीत सुकवायच्या, ही जुनी रीत. आता राखेच्या जागी बुरशीनाशकाची पूड आली. हात भरायचे ते भरतातच.

नांगराच्या तासात फोडी टाकत जायचं, महिन्याभराने भर लावायची. मातीबाहेर डोकावला की स्वारी हिरवी पडते. आठवडाभर आभाळ दाटून राहिलं की करपा आलाच. काढणीआधी पाला कापून आठ-दहा दिवस थांबायचं, म्हणजे साल घट्ट होते. इतकं करूनही खाली काय पोसलंय, ते औत फिरेपर्यंत कळत नाही. न राहवून एखादा वरंब्याच्या कडेला बोटाने माती उकरतो, गड्डा चाचपतो आणि कोणी पाहिलं नाही ना, असं बघत पुन्हा झाकून टाकतो. माझ्या मते शेतीतली खरी उत्कंठा ही. बाजारभावाची ती नुसती धास्ती.

एवढ्या लाडाचा जीव आपण ओट्यावरच्या टोपलीत, खिडकीच्या उजेडात ठेवतो. तिथे तो हिरवा पडून कडवट होतो, त्यात सोलॅनिन नावाचं विष वाढतं आणि ते शिजवूनही जात नाही. तेव्हा बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. फार हिरवा झालेला काटकसर म्हणून भाजीत घालू नका, सरळ टाकून द्या.