छत गळू लागल्यास: सोनगीरकरांसाठी कार्यपद्धती

सोनगीरचा माणूस धुळ्यात किंवा नाशकात फ्लॅट घेतो, तेव्हा त्याला एक गोष्ट कुणी सांगत नाही. गावाकडे धाबं गळलं तर भांडायला कुणी नसतं. आपलं धाबं, आपला पाऊस. मृगाच्या आधी माती टाकून चोपायची आणि मोकळं व्हायचं. सोसायटीत मात्र आपलं छत म्हणजे वरच्याची फरशी. म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम गळतीखाली भांडं ठेवावं. प्लास्टिकची बादली चालणार नाही. सोनगीरच्या तांबटांच्या हातचं पितळी घंगाळ ठेवावं, म्हणजे प्रत्येक थेंब चेअरमनसाहेबांच्या बेडरूमपर्यंत ऐकू जातो. लेखी तक्रारीची पोच मिळायला वेळ लागतो, घंगाळाची लगेच मिळते.

मग पाण्याची चौकशी करावी. पावसातच गळत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. रोज सकाळी सातला गळत असेल तर वरच्यांची आंघोळ. नळाला पाणी येण्याच्या दिवशीच गळत असेल तर मात्र घाई करू नये. पाणी कधी येणार हे इतक्या खात्रीने दुसरं कुणी कळवत नाही.

यानंतर गृहनिर्माण संस्थांचे २०१४चे आदर्श उपविधी काढावेत. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायची. वरच्याच्या संडास-सिंकमधून झिरपणारं पाणी हा त्या-त्या फ्लॅटधारकाचा खर्च. इतकं स्पष्ट लिहिलेलं असल्यामुळेच कमिटी प्रत्येक गळती आतली ठरवते आणि वरचा प्रत्येक गळती बाहेरची. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी जमा करायचा असतो, हे सभेत विचारून पाहावं. नेमका त्याच क्षणी चहा येतो.

इमारत नवी असेल तर कमिटीला त्रास देऊ नये. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं रेरा कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे. पेढे वाटले त्या दिवसाची तारीख म्हणून लिहून ठेवावी. बिल्डरचा फोन नंबरही, पण तो बदलतो.

वरच्या मजल्यावर जाताना नोटीस नेऊ नये, वांग्याचं भरीत न्यावं. "भाऊ, तुमनं पानी आमना घरमा गळस," एवढंच म्हणावं. उत्तर ठरलेलं आहे: "आमच्याकडे तर सगळं कोरडंय." यावर चिडू नये, माणूस खरं बोलतोय. पाणी खाली गेल्यावर वर कोरडंच राहणार. मोबाइलमधले फोटो दाखवावेत. फरशी फोडून बघू म्हणालात तर भरिताचा डबा रिकामा परत मिळेल आणि विषय संपेल.

तरीही जमलं नाही, तर गळतीचा वाद सहकार न्यायालयात नेता येतो. निकालापर्यंत प्लास्टर थांबत नाही, एवढीच त्यात गैरसोय.

एक कायमचा उपायही आहे: सगळ्यात वरचा फ्लॅट घ्यावा. गच्चीतून पाऊस झिरपून तिथल्या छताचं प्लास्टर पडलं, तर तो खर्च उपविधींनी नाव घेऊन संस्थेवर टाकलाय. खालचा माणूस भरीत घेऊन आलाच, तर डबा ठेवून घ्यावा आणि घर कोरडं असल्याचं सांगावं.