बोनसभाऊ

वैनगंगेच्या अल्याड-पल्याड, म्हणजे आरमोरी-वडशापासून ब्रह्मपुरी-नागभीडपर्यंत, कोणत्याही गावात उतरा आणि पानठेल्यावर सहज विचारा, ‘बोनस कधी येते जी औंदा?’ हातातला खर्रा घोटायचं थांबवून जो माणूस तारखेसकट उत्तर देईल, तो बोनसभाऊ. त्याचं खरं नाव सातबाऱ्यावर आहे. गावाला त्याची गरज पडत नाही.

बोनसभाऊ निपजावा अशीच इथली व्यवस्था आहे. मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे, मजुरी घ्यायची आणि बोनसची वाट पाहायची. धान केंद्रावर घालायचा, हमीभाव घ्यायचा आणि बोनसची वाट पाहायची. एक तारखेला पगार, ही गोष्ट गावात फक्त मास्तराला आणि ग्रामसेवकाला ठाऊक. बाकीच्यांचा पैसा आला तर ढिगाने येतो, नाहीतर येतच नाही.

एरवी बोनसभाऊला राजकारणाशी देणंघेणं नाही. मंत्री कोण, हे त्याला नीट सांगता येणार नाही. पण डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की हा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो. धानाचा बोनस २०२२ साली हेक्टरी १५ हजार, २०२३ साली २० हजार, मर्यादा दोन हेक्टरची, हे त्याला पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्कं पाठ. घोषणा झाली म्हणजे पैसा आला, असं तो धरून चालतो. मधे जीआर असतो, यादी असते, यादीतली दुरुस्ती असते, आधार जोडलेलं खातं असतं. ह्या सगळ्याला तो ‘ऑफिसचं काम’ म्हणतो आणि त्यात लक्ष घालत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेल्या धानाला एचएमटी घड्याळाचं नाव पडलं. तो धान वेळेवर पिकतो. बोनसला मात्र अजून कोणी घड्याळाचं नाव दिलेलं नाही.

त्याचं अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर. म्हणजे २० हजार. ह्या वीस हजारांची त्याची वही मी डोळ्यांनी पाहिली आहे. पोरीची जुनी दोनशे पानी. पुढून तिचा भूगोल, मागून ह्याचं अर्थशास्त्र. किराणा ६,५००. खताचं दुकान ४,०००. चिखलणीचा ट्रॅक्टर ३,०००. भाच्याच्या लग्नाचा आहेर २,५००. कवेलू २,०००. नाटकाची वर्गणी व पाहुणे १,५००. किरकोळ ५००. खाली दुहेरी रेघ, बेरीज बरोबर वीस हजार, आणि ‘शिल्लक ०’ असं ठळक अक्षरात. त्या शून्याचा त्याला फार अभिमान. ‘एक रुपया वाया नाई गेला पायजे, भाऊ,’ असं तो वही मिटताना म्हणाला.

मी सहज पान उलटलं. मागच्या पानावर कूलर, पोरीची सायकल, साळ्याला परत द्यायचे आणि विहिरीची मोटर दुरुस्ती. बेरीज पुन्हा वीस हजार.

‘हा दुसरा बोनस?’

‘नाई जी. तोच.’

न आलेल्या पैशाचा इतका काटेकोर हिशेब ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आलेल्या पैशाचा हिशेब ठेवायला मात्र त्याला सवड होत नाही. किराणावाला, खतवाला, साळा अशा सगळ्यांना त्याने तोच बोनस मनापासून कबूल केलेला असतो. त्यात फसवणूक नाही. सांगताना प्रत्येक वेळी त्याचा स्वतःचा विश्वास असतो, म्हणून तर ऐकणाऱ्याचाही बसतो.

‘किरकोळ’वर थोडं बोललं पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. नदीपलीकडे चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ होती. तेव्हा वहीत दारू कशी लिहिणार? कायदा मोडल्यासारखं होतं. कायद्याचा असा मान राखल्यामुळे ‘किरकोळ ५००’ हा आकडा वर्षअखेर किराण्याला गाठतो.

आणि नाटक. पाहुण्यांसकट १,५०० रुपयांत नाटक भागतं, असं ह्या झाडीपट्टीत फक्त वहीत होऊ शकतं. धान निघाला की वडशाच्या नाटक कंपन्यांची गावोगाव बुकिंग सुरू होते. दिवसा मंडई नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. गावात नाटक म्हणजे घरोघर पाहुणा. भाटवा येतो, मामाजी येतात, मामाजींच्या शेजारचे येतात, कोणाच्या पोरीला पाहायला आलेले येतात. बोनसभाऊ सगळ्यांना पुढच्या खुर्चीची तिकिटं काढतो. कोंबडा कापला जातो, दुसरा शेजाऱ्याकडून उसना येतो. खर्च झाला हे खरं, पण त्या रात्री त्याच्या घरातून कोणी उपाशी उठलं नाही, हेही खरं. त्याला उधळ्या म्हणणाऱ्या पुष्कळांनी त्याच्याकडचा रस्सा दोनदा वाढून घेतलेला आहे.

त्याची बायको बचत गटात आहे. तिच्यापाशी वही नाही, डोकं आहे. गटाचं कर्ज महिन्याला शेकडा दोन, गावातल्या सावकाराचं शेकडा पाच. शंभराला महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ, हे तिने नवऱ्याला बोटांवर मोजून दाखवलं. तो म्हणाला, ‘वर्षभर कोन ठेवते? बोनस आला का फेकून देऊ.’ तिने गटाचं कर्ज काढलं, सावकाराचं तोंड बंद केलं आणि हप्ता त्याच्या मजुरीतून कापून घ्यायला लागली. एप्रिलात मोहफूल मातीमोल विकून पावसाळ्यात तेच दुप्पट भावाने विकत आणायचा ह्याचा जुना रिवाज. तिने दोन पोती माळ्यावर चढवली आणि शिडी शेजारणीकडे ठेवली. लाडक्या बहिणीचे १,५०० सुरू झाले, तेव्हा ह्याने लगेच तिसरं पान उघडलं. तिने पोस्टात पाच वर्षांची आरडी उघडली. पासबुक कुठे आहे, हे त्याला अजून सापडलेलं नाही.

एकदा एका बँकेने गावात आर्थिक साक्षरतेचा मेळावा घेतला. साहेबांनी फळ्यावर लिहिलं: उत्पन्न वजा बचत बरोबर खर्च. दरमहा आधी बचत बाजूला काढा, उरेल त्यात घर चालवा. मंडळींनी माना डोलावल्या. बोनसभाऊ उभा राहिला.

‘साहेब, उत्पन्न कोनत्या महिन्याचं धरू? जुलैमधी रोवनीचा खर्च हाय, उत्पन्न नाई. जानेवारीत उत्पन्न हाय, पन ते जुलैचं देनं हाय.’

साहेब म्हणाले, सरासरी काढा. तो म्हणाला, ‘सरासरी किरानावाला घेत नाई ना जी.’ लोक हसले, साहेबही हसले आणि विषय विम्याकडे वळला. पण मला वाटतं, त्या दुपारी फळ्यावरच्या समीकरणापेक्षा ह्याचा प्रश्न मोठा होता. पैशाची बहुतेक पुस्तकं पगारदारांनी पगारदारांसाठी लिहिलेली असतात. ढिगाने आलेला पैसा बारा महिन्यांवर पसरायचा कसा, हे त्या मंडपात फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तिला कोणी बोलायला सांगितलं नाही. ती मागे चहाचे कप मोजत होती.

शेवटी बोनस आला. पानठेल्यावरच मोबाइल वाजला. ही बातमी किराणावाल्याला त्याच्या आधी लागलेली होती, कारण सकाळपासून तिघांचे आले होते. संध्याकाळपर्यंत सगळे घेणेकरी त्याच्या ओसरीवर. बोनसभाऊ घरी नव्हता. रात्री आला तो बैल घेऊन. पटाचा बैल, तोही अर्ध्या भागीत. उरलेला अर्धा भाटव्याचा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पट बंद केले, २०२३ मध्ये त्याच कोर्टाने वाट कायमची मोकळी केली, तेव्हापासून ह्याच्या मनात ते होतं म्हणे. वहीच्या एकाही पानावर बैल नव्हता.

‘हे का आनलं?’ बायकोने विचारलं.

‘बक्षीस मारते हा.’

‘आपला अर्धा कोनता? खाते तो का धावते तो?’

आता वहीत नवं पान आहे. वर मथळा ‘पटाचं बक्षीस’, खाली किराणा, खत, ट्रॅक्टर, आहेर, कवेलू. परवा तो माझ्याकडे बैलाच्या ढेपेसाठी ५०० रुपये मागायला आला. मी दिले. त्याने तिथेच वही काढून माझं नाव लिहिलं, पुढे दोन रकाने आखले आणि मला समजावून सांगितलं: जोडी पहिली आली तर माझे ५०० पूर्ण, दुसरी आली तर ३०० रोख आणि बाकीचे धानाच्या बोनसमधून.