नमुना

आमच्या घरात ‘नमुना’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि दोन्ही वेळा विषय तात्याच असतात. शेंगदाण्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले दाणे काढणारं गिऱ्हाईक साताऱ्यात दुसरं नसेल. वरचे दाणे दाखवायचे असतात, असं त्यांचं म्हणणं. मोजून तीस दाणे चावणार, पोत्यात खवट किती किलो ते दुकानदाराला सांगणार आणि पावशेर घेऊन निघणार.

माईकाकूंनी भाताचं शीत चेपून पाहिलं की आतून आवाज येतो, “आधी ढवळ! वरचं शीत म्हणजे ओळखीच्याला विचारलेलं मत. एकदा ढवळलंस, की पातेलं चौघांचं असो नाहीतर चारशेंचं, शितं तेवढीच पुरतात.” गेली पस्तीस वर्षं माईकाकू न ढवळताच भात उतरवतात.

तात्यांची नोकरी पीक कापणी प्रयोगांत गेली. कुठलं शेत आणि त्यातली कुठली जागा, हे यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवायचं. 10 मीटर बाय 5 मीटरला दोरी लावायची, तेवढंच पीक कापून तोलायचं, दोनशेने गुणलं की हेक्टरी उत्पन्न. आणेवारी कमी लागावी म्हणून गावकरी खुरटा कोपरा दाखवायचे, “साहेब, दोरी हिकडं लावा की.” तात्या तक्त्यावरून हलायचे नाहीत. ही पद्धत देशात रुजवणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. तात्या त्यांच्याबद्दल मावसभावासारखं बोलतात.

गेल्या वैशाखात सुमाचं लग्न निघालं. यादीत 800 डोकी. येणार किती? तात्यांनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या पिठाच्या डब्यात घातल्या, डबा दहा मिनिटं हलवला आणि चाळीस काढल्या. फोन मी केले. चाळीसच्या चाळीस म्हणाले, “येणार म्हणजे काय, घरचंच कार्य!”

तात्यांचा चेहरा पडला. चाळीसपैकी चाळीस म्हणजे चूक शून्य, आणि शून्य चूक त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. चिठ्ठ्या बरोबर निघाल्या होत्या, प्रश्न चुकला होता. आपल्याकडे आमंत्रणाला तोंडावर नाही म्हणायची रीत कुठे आहे? त्यांनी मला पुन्हा फोन करायला लावले. या वेळी येणार का, हे विचारायचंच नाही. इकडचं तिकडचं बोलायचं आणि पंगत किती वाजता, हे समोरचा आपणहून विचारतो का ते टिपायचं.

सव्वीस जणांनी विचारलं.

“65 टक्के. आठशेतले 520,” तात्यांनी आचाऱ्याला सांगितलं. तो उठायला लागला तसे म्हणाले, “थांबा. नमुना लहान आहे. शंभर-सव्वाशे इकडे किंवा तिकडे. म्हणजे 400 ते 640.”

आचारी परत बसला. “मग जिलेबी चारशेंची तळू का सहाशे चाळीसांची?”

“ते तुम्ही ठरवा. मी फक्त अंदाज देतो.”

आतून माईकाकू म्हणाल्या, “साडेपाचशे धरा हो.” त्याने साडेपाचशे धरले.

लग्नाच्या दिवशी 547 पानं उठली. तात्या आठवडाभर भेटेल त्याला अडवून सांगत होते, “बसलं की नाही अंदाजात?” इतक्या रुंद अंदाजात हत्तीही बसला असता, पण हे त्यांना कोण सांगणार?

एका रात्री मात्र त्यांना राहवलं नाही. माईकाकू ताक घुसळत होत्या.

“तू साडेपाचशे कुठून काढलेस? नमुना कुठला घेतलास?”

“नमुना कशाला? आहेराची वही आहे ना. पस्तीस वर्षं कोण आलं, कोण नुसतं पाकीट पाठवतं, सगळं लिहिलेलं आहे.”

तात्यांचे डोळे लकाकले. तेव्हापासून ते वही मागतायत. माईकाकू म्हणतात, “चाळीस पानं देईन. कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.”