लिंकवरचे सर

सरांना तुम्ही ओळखता. नाव घेण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक जिल्ह्यात ते निदान एक तरी आहेतच. मराठीचे विभागप्रमुख म्हणून निवृत्त, तीन कवितासंग्रह, एक कादंबरी आणि गेली कित्येक वर्षं ‘आगामी’च असलेलं आत्मचरित्र. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आटोपून सर नवी शाल घेऊन परतले आणि मार्चअखेर करोनामुळं सगळा देशच बंद झाला. नाशिकचं ९४वं संमेलन २०२१च्या मार्चात ठरलं म्हणून सरांनी जॅकेट इस्त्रीला टाकलं. संमेलन पुढं गेलं, ते थेट डिसेंबरात झालं. मधल्या काळात सरांचं काय करायचं हा प्रश्न घरच्यांपुढं होता. तो एका निळ्या लिंकनं सोडवला.

फोन आला, “सर, आमचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन साहित्य महोत्सव आहे. परिसंवादात आपण हवेतच.”

विषय काय, हे सर कधीच विचारत नाहीत. त्यांनी आधी अध्यक्ष कोण ते विचारलं, मग आपल्याआधी कोण बोलणार ते विचारलं आणि जरा घसा साफ करून म्हणाले, “जाण्यायेण्याचं काय?”

“सर, ऑनलाइन आहे.”

“ते कळलं हो. पण परंपरेनं प्रवासखर्च देतात. रकमेचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.”

तत्त्व गूगल पेनं पाठवतो, असं पलीकडून सांगण्यात आलं. ते अजून यायचं आहे.

महोत्सव आंतरराष्ट्रीय होता, कारण संयोजकांची मेहुणी डॅलसला असते. इथं संध्याकाळचे सहा म्हणजे तिथं भल्या सकाळची वेळ. बाई कॅमेरा बंद ठेवून डबे भरत होत्या. तरी उद्‌घाटनात ‘सातासमुद्रापारचे रसिक’ असा त्यांचा दोनदा उल्लेख झाला.

माझं म्हणाल तर, संमेलनाला जाणारा साहित्यिक साहित्यासाठी जातो, हा समज त्या दोन वर्षांत कायमचा गेला. सर जायचे ते स्टेशनवर आपल्या नावाची पाटी घेऊन उभ्या असलेल्या पोरासाठी. छातीवरच्या बिल्ल्यावर ‘प्रतिनिधी’ नसून ‘निमंत्रित’ आहे, हे समोरच्याला नीट वाचता यावं म्हणून. खोलीत सोबतीला कोण घोरतं, कोणाला स्वतंत्र खोली मिळाली आणि ती का मिळाली, यावर पहाटेपर्यंत बोलण्यासाठी. परिसंवाद चालू असताना भोजनमंडपात दुसऱ्यांदा जिलबी घेत ‘यंदा दर्जा घसरला’ असं म्हणण्यासाठी. तेही जिलबीबद्दल की साहित्याबद्दल, ते मोघम ठेवून. ऑनलाइनवाल्यांनी स्टेशन काढलं, बिल्ला काढला, खोली काढली, जिलबी काढली. शाल-श्रीफळाऐवजी पीडीएफमधलं प्रमाणपत्र पाठवलं, त्यात आडनाव चुकवलं. मागं राहिलं निव्वळ साहित्य. त्याच्याशी एकट्यानं गाठ पडेल, अशी सरांची कल्पना नव्हती.

या संमेलनांची परंपरा तशी जुनी. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी खरमरीत पत्र लिहून नाकारलं. सर या पत्राचा दाखला प्रत्येक व्यासपीठावरून देतात, डोळे भरून येईपर्यंत देतात. त्यांनी स्वतः एखादं निमंत्रण नाकारल्याची नोंद मात्र कुठं सापडत नाही. लिंक आली की सर अर्धा तास आधी हजर.

अर्धा तास म्हणजे नुसतं प्रतीक्षालयात बसणं. तयारी आदल्या दिवसापासून. बैठकीतलं कपाट कॅमेऱ्यात यावं म्हणून टीव्ही स्वयंपाकघरात गेला. कपाटातली वहिनींची पाककृतींची पुस्तकं, वास्तुशास्त्र आणि मधुमेहावरची पुस्तिका पलंगाखाली गेली. त्या जागी विश्वकोशाचे खंड आले आणि त्यांच्या मधोमध सरांच्या कादंबरीच्या अकरा प्रती. अकराच का? प्रकाशकानं परत केलेल्यांपैकी तेवढ्याच एका फळीवर मावल्या. वर खादीचा झब्बा, जॅकेट, कपाळाला अगदी सूक्ष्म गंध. कॅमेऱ्याची हद्द संपते तिथून खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. मध्येच चार्जर काढायला सर उठले तेव्हा मराठी सारस्वताची ही खालची बाजूही रसिकांसमोर आली.

घरात चालू स्थितीतला लॅपटॉप एकच, नातवाचा. त्यावर शाळेनं करून दिलेलं खातं. त्यामुळं पडद्यावर सरांच्या चेहऱ्याखाली ‘अथर्व, ३री ब, हजेरी क्र. १४’ अशी अक्षरं झळकत राहिली. निवेदिका नवीन होती. “यानंतर मी विनंती करते ज्येष्ठ साहित्यिक अथर्व सरांना…” असं ती म्हणाली. सरांनी मोठ्या मनानं हसून दुरुस्ती केली, ती कोणालाच ऐकू गेली नाही.

“सर, म्यूट आहात.”

“हां, आता?”

“आता येतोय, सर.”

तेवढ्यात एका बाईंनी इंग्रजीतून रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं सांगितलं. सरांनी त्यांना नमस्कार केला. महोत्सवाच्या कार्याध्यक्षा असाव्यात, असा त्यांचा समज होता.

कादंबरीची प्रत कॅमेऱ्यासमोर धरली तर मुखपृष्ठावरची अक्षरं उलटी. ती फक्त धरणाऱ्याला उलटी दिसतात, बाकी सगळ्यांना सुलटी, हे नातवानं तीनदा समजावलं. सरांचा विश्वास बसेना. नाव सुलटं दिसावं म्हणून त्यांनी पुस्तक उलटंपालटं, आडवं, शेवटी डोक्यावर धरून पाहिलं. या निमित्तानं त्या कादंबरीचं मलपृष्ठ अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलं.

प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत एक मान डोलावणारा माणूस असतो. वक्ता त्याच्या भरवशावर बोलत असतो. इथं चौकटीच चौकटी, त्यातल्या बऱ्याचशा काळ्या. एका चौकटीत आरामखुर्ची होती, रसिक नव्हता. दुसरीत छताचा पंखा. सर हवालदिल झाले. मग त्यांना तळच्या ओळीत एक गृहस्थ सापडले, प्रसन्न हसत, मान किंचित कलती ठेवून, पापणीही न लववता ऐकणारे. सरांनी सगळं भाषण त्यांना उद्देशून केलं. गृहस्थांचं नेटवर्क गेलेलं होतं. ते स्वतः तेव्हा गच्चीवर फोन उंच धरून फिरत होते.

आता वेळेचं. सरांना दहा मिनिटं दिलेली होती. मांडवातल्या संमेलनात दहाव्या मिनिटाला चिठ्ठी येते. सर ती न उघडता जॅकेटच्या खिशात घालतात, दुसरी आली तर तीही घालतात. जुन्या जॅकेटात अशा चिठ्ठ्यांचा चांगला संग्रह आहे. तिसऱ्या चिठ्ठीऐवजी संयोजकच उठून मागं येऊन उभे राहिले की सर म्हणतात, “आता मी मूळ विषयाकडे वळतो.” या पद्धतीला ऑनलाइनमध्ये उत्तर नव्हतं असं नाही. ‘सर, दोन मिनिटं’ असा संदेश चॅटमध्ये आला. ही कुण्या रसिकाची आणखी दोन मिनिटांची मागणी आहे, असं वाटून सरांनी “आग्रहच आहे तर…” म्हणत लोकसाहित्याला हात घातला. ‘सर, कृपया आवरतं घ्या’ हा संदेश आला तो त्यांनी वाचला नाही, चष्मा दुसरा होता. शेवटी संयोजकांनी आयुष्यात कोणत्याही संयोजकाला न मिळालेलं सुख उपभोगलं. एक बटण दाबलं.

सर बोलतच राहिले. पुढची आठ मिनिटं सरांचे ओठ हलत होते, तर्जनी वर जात होती, एकदा त्यांनी डोळेही पुसले, बहुधा फुल्यांचं पत्र आलं असावं. पलीकडं दुसऱ्या वक्त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. पण सर आपला आवाज नीट घुमावा म्हणून लॅपटॉपचा आवाज बंद करून बोलत होते. घरात सगळं ऐकू येत होतं. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “झालं का हो? कुकर लावायचाय, शिट्टी होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ओळखीच्या झाडून सगळ्या व्हॉट्‌सअॅप गटांवर रेकॉर्डिंगची लिंक आली, ‘१ तास १२ मिनिटांपासून पाहावे’ या सूचनेसह. नऊ वाजता विचारणा आली, पाहिलं का? दुपारी आठवण. सर इतके पाठीस लागले की संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या मान्यवरांनी ‘अप्रतिम’, ‘चिंतनशील’, ‘सर, जबरदस्त’ असे शेरे पाठवले. एका समीक्षकानं फेसबुकवर चांगला लांबलचक परिच्छेद लिहिला. ‘पूर्वार्ध थोडा परिचित वाटला, परंतु अखेरच्या आठेक मिनिटांत सर ज्या खोलीवर गेले, तिथं आजच्या मराठीत फारच थोडे वक्ते पोहोचतात,’ असं त्यात होतं.

सरांनी तो परिच्छेद कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठासाठी राखून ठेवला आहे. पहिल्या आवृत्तीच्या प्रती संपायची वाट पाहताहेत.