तीनशे चारवाल्यांचे उलटे टोमॅटो

"अगं, ही चादर बघ. कालच धुतलेली. सकाळपासून वरून चहासारखं पाणी ठिबकतंय."

"ते कोकोपीटचं पाणी, काकू. नारळाचा भुसा नवीन असला की सुरुवातीला असंच तपकिरी पाणी सोडतो. तीनशे चारवाल्यांनी टोमॅटो टांगलेत ना, त्याचं."

"टांगलेत? म्हणजे कुंड्या टांगल्यात?"

"कुंड्या नाहीत हो, रंगाच्या बादल्या. वीस-वीस लिटरच्या. बादलीच्या बुडाला भोक आणि त्या भोकातून रोप खाली लोंबतंय. मुळं वर, शेंडा खाली. परवा मेंटेनन्सचा चेक द्यायला वर गेले होते, तेव्हा डोळ्यांनी बघून आले. तीन बादल्या आहेत."

"बाई गं! झाड उलटं टांगलं? लिंबू-मिरची टांगतात ते ठाऊक होतं मला."

"त्यांची लेक एडिसनला असते ना, न्यू जर्सीत. अमेरिकेत मध्यंतरी टीव्हीवर जाहिराती करकरून हिरव्या पिशव्या विकत होते म्हणे. 'टॉप्सी टर्व्ही' नाव. पिशवी टांगायची, वरून माती, खालून टोमॅटोचं रोप. लेकीकडं गेले होते तेव्हा यांनी ती कुठंतरी बघितली. त्यात आपल्याकडं २०२३ चा तो पावसाळा आला, आठवतंय? टोमॅटो दोनशे रुपये किलोच्या वर गेले होते. तेव्हापासून घेतलंय डोक्यात. बँकेतून निवृत्त झाल्यावर तर काय, दिवसभर तेच."

"दोनशेचं तेवढं सगळ्यांना आठवतं. त्याच साली मे महिन्यात भाव मिळेना म्हणून लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, आणि सप्टेंबरात पुन्हा तीच गत. ते कोण आठवत नाही. माझं माहेर नारायणगावच्या अलीकडं. मधल्या दोन महिन्यांत ज्याचा माल निघाला त्याचं सोनं झालं, बाकीच्यांच्या वीस किलोच्या क्रेटला कुणी विचारीना. असू दे. पण उलटं का लावायचं ते मला अजून कळलं नाही."

"जागा वाचते म्हणे. आपली गॅलरी केवढी! वॉशिंग मशीन ठेवलं की माणसाला आडवं होऊन जावं लागतं. खालची फरशी मोकळी राहते. शिवाय काठीचा आधार द्यावा लागत नाही, झाड आपलं आपण लोंबतं."

"हां, ते मात्र खरं. टोमॅटोच्या पिकात पैसा खातात ते बांबू, तार आणि सुतळी. वर बांधायची मजुरी वेगळी. आमच्याकडं सुतळी बांधून बांधून बायकांची बोटं सोलवटायची. आणि पावसाचा थेंब मातीवर आपटून चिखल पानांवर उडाला की खालनं करपा चढतो. टांगलेल्याला तो त्रास कमी. पण मला सांग, ते झाड खाली लोंबून राहतं का?"

"नाही ना! तीच तर गंमत. रोप लावल्यावर चार दिवसांत शेंड्यानं मान वर केली. आता बादलीच्या कडेला वळसा घालून वर चाललंय. तीनशे चारवाल्यांनी मला अर्धा तास शिकवलं. म्हणे खोडातल्या पेशींमध्ये पिठाचे बारीक कण असतात. पेशीच्या तळाशी ते कण बसले की झाडाला कळतं, जमीन कुठल्या अंगाला आहे. मग खोडाची खालची बाजू जास्त वाढते आणि खोड वर वळतं. डार्विननं आणि त्याच्या मुलानं १८८० मध्ये झाडांच्या हालचालींवर मोठं पुस्तक लिहिलंय, तेही काढून दाखवलं."

"म्हणजे माणसानं खाली टांगायचं आणि झाडानं वर चढायचं. मग त्याचा पीळ कुठं पडतो? खोड वाकतं तिथंच ना? आणि त्यावर आपल्या बाजारातला गरगरीत टोमॅटो लागला तर मोडायचंच."

"त्यांनी चेरी टोमॅटो लावलेत, काकू. बोराएवढे. वजन नाही."

"तेवढी अक्कल बरी सुचली. आमच्या भावानं शेतात लावलेलं ते संकरित वाण इथं आणलं तर वेलासारखं सहा-सात फूट जाईल. टांगायचं तर बुटकी जात नाही तर चेरी. बरं, लावलं कसं? बादलीत माती भरून उलटी केली की सगळी माती अंगावर!"

"बुडाला दोन इंचांचं भोक पाडलं. बादली दोन खुर्च्यांच्या मध्ये ठेवली. वीतभर रोप, त्याची पानं वर्तमानपत्रात गुंडाळून आतून अलगद भोकातून खाली सोडली. मुळांचा गड्डा आत राहिला. मग खोडाभोवती चीर दिलेला स्पंजचा तुकडा, म्हणजे माती गळत नाही. वरून कोकोपीट, गांडूळखत आणि थोडीशी लाल माती. नुसती माती भरली तर बादली उचलायला हमाल लागला असता. आताही पाणी घातल्यावर वीसेक किलो भरते म्हणतात."

"आमचे हे होते तेव्हा श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं वेड होतं त्यांना. माती थोडी आणि पालापाचोळाच जास्त. उसाचं पाचट आणून पोत्यात भरायचे. गच्चीवर त्या पोत्यांत काय काय यायचं, वांगी, दोडका... पण त्यांनी झाडाचं डोकं नाही खाली केलं कधी."

"ऐका तर. वरच्या तोंडाला बादली उघडीच ना, तिथं कोथिंबीर पेरलीय. माती उन्हानं तापत नाही, आणि पाणी कमी पडलं की आधी कोथिंबीर माना टाकते. लगेच कळतं."

"हे मात्र आवडलं मला."

"पण पाण्याचाच खरा जाच आहे, काकू. जमिनीवरची कुंडी सावकाश सुकते. टांगलेल्या बादलीला चारी बाजूंनी आणि बुडाखालूनही वारा. सकाळी भिजवलेली संध्याकाळी कोरडी. फळं धरलेलं झाड दिवसाला दीड-दोन लिटर सहज पितं. बरं, एकदम ओतलं तर भोकातून पाणी खोडावरून ओघळतं, पानं भिजतात, आणि उरलेलं तुमच्या चादरीवर. मध्ये ते लग्नाला नाशिकला गेले होते. तीन दिवस. आले आणि बघतात तर टोमॅटोची बुडं काळी."

"काळी पडणारच. त्यात कीड नसते गं. चुना पोचत नाही फळापर्यंत. जमिनीत असतो, पण तो पाण्याबरोबर चढतो. आज भिजवलं, दोन दिवस सुकवलं, पुन्हा भिजवलं, असं केलं की बूड काळं. माझे वडील म्हणायचे, टोमॅटोला पाणी कमी चालेल, पण वेळ चुकवू नये."

"यांनी अंड्याची टरफलं कुटून घातली."

"ती कुजणार कधी आणि लागू पडणार कधी! पाण्याची वेळ सांभाळा म्हणावं. आणि ठिबकण्याला उपाय आहे, खाली पुदिन्याचं लांबट खोकं ठेवायचं. वरचं पाणी पुदिना पितो."

"अजून एक सांगू? हसू नका. सकाळी सात वाजता ते टूथब्रश घेऊन गॅलरीत येतात."

"मग? दात सगळेच घासतात."

"दात नव्हे, फुलं! बॅटरीवरचा टूथब्रश आहे. तो चालू करून फुलांच्या देठाला टेकवतात. घुर्रर्र करून. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत येऊन बघतात."

"वेडा झालाय का माणूस?"

"मलाही तसंच वाटलं होतं. पण टोमॅटोच्या फुलात पराग नळीत बंद असतो म्हणे, हादरा दिल्याशिवाय सुटत नाही. शेतात वारा देतो, काही भुंगे फुलाला लटकून घूं घूं करतात ते देतात. मधमाशीला ते जमत नाही. आणि आपल्या डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर भुंगा कुठून येणार?"

"टिचकी मारली असती तरी झालं असतं. बँकवाल्यांना सगळं मशीननं लागतं. पांढरी माशी आली का?"

"थोडी आहे. पानांखाली."

"मग संपलंच. तिच्यामुळं रोग येऊन पानं बोकडली की काही उपाय नाही, झाड उपटायचं. उलटं टांगलं म्हणून माशी चुकत नाही, तिला काय, पंख आहेत. पिवळं चिकट कार्ड लावायला सांग आत्ताच. आणि आमच्या भावानं मागं बेंगळुरूचं 'अर्का रक्षक' लावलं होतं, त्याला हा रोग सोसतो. फळ मोठं असतं पण त्याचं. टांगायला नाही चालायचं."

"सांगते. पण खरी बातमी अजून सांगितलीच नाही मी. या बादल्या टांगल्यात कुठं माहितीय?"

"कुठं?"

"झोपाळ्याच्या कड्यांना!"

"अगं बाई! त्यांचा सागवानी झोपाळा?"

"काढला. माळ्यावर टाकला. वहिनी रोज संध्याकाळी चहा घेऊन त्या झोपाळ्यावर बसायच्या, लग्नात माहेरहून आलेला. आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि कपाळाला टोमॅटोची पानं लागतात. दोघांचं बोलणं बंद आहे. मी गेले तर पाण्याचा पेला आपटला माझ्यासमोर. माझ्यावर राग नव्हता हो, त्यांना ऐकू जावा म्हणून आपटला."

"तरीच! मी म्हटलं भाजीवाल्याकडं दिसल्या तर टोमॅटो घेतच नव्हत्या. कांदे-बटाटे, बास. बरं, झोपाळा होता गॅलरीच्या मध्यात. तिथं ऊन येतं का?"

"तेच तर! दोन बादल्या आत आहेत, कड्यांना. तिसरी ग्रिलच्या अँगलला, बाहेरच्या अंगाला. बाहेरचीला घोसच्या घोस लागलेत. आतल्या दोन्ही नुसत्या लांबट, फिक्या. एकीला चार फळं, दुसरीला तीही नाहीत."

"अगं, टोमॅटोला सहा तास तरी ऊन हवं. झाड बादलीच्या खाली म्हटल्यावर डोक्यावर बादलीचीच सावली. त्यावर चौथ्या मजल्याचा स्लॅब. आपली गॅलरी दक्षिणेची, म्हणून हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो तेव्हा तिरपं ऊन आत येतं तरी. मार्च सरला की सूर्य डोक्यावर, गॅलरीत ऊनच नाही. आणि पस्तिशीच्या पुढं पारा गेला की फुलं गळतात, फळ धरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायचं आणि होळीला आटपायचं. तेही कठड्यालाच. आत टांगून काय उपयोग?"

"वहिनींनी काय केलंय ऐका. उरलेलं एक रोप त्यांनी गुपचूप फुटक्या बादलीत लावलं. सरळ. कठड्याच्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनच्या मागं. खोड निम्मं मातीत गाडून."

"शहाणी बाई आहे. टोमॅटोचं खोड गाडलं की त्यालाच मुळं फुटतात. जितकं खोल गाडशील तितकं झाड दांडगं. उलट्या बादलीत ते नाही करता येत."

"दांडगंच झालंय. जुन्या छत्रीची काडी आधाराला लावलीय. मला दाखवलं, ओठावर बोट ठेवून. बाहेरच्या बादलीइतकेच टोमॅटो आहेत, जास्तच असतील."

"म्हणजे उलटं काय आणि सुलटं काय, ऊन मिळालं त्याला फळ लागलं. मग आतल्या दोन बादल्या काढल्या तर त्यांचं काय नुकसान आहे? कड्या मोकळ्या, झोपाळा परत. बाहेरची एक राहू दे हौसेला."

"पण सांगणार कोण त्यांना? मी नाही बाई."

"सेक्रेटरींना सांगू दे. वीस-वीस किलोचं वजन कड्यांना लोंबतंय, स्लॅबला धोका आहे म्हणावं. नोटीस लावतील लगेच, त्यांना नोटीस लावायला फार आवडतं."

"काकू, धोका असला तर त्या बाहेरच्या बादलीचा. खाली पोरं खेळतात. त्या कड्यांवर तर नवरा-बायको दोघं बसून झोके घ्यायचे पंचवीस वर्षं!"

"ते सेक्रेटरींना कुठं माहितीय? ते आले मागच्या वर्षी. आणि बाहेरच्या बादलीला दुहेरी साखळी घालायला लाव, तेवढं मात्र खरंच सांग."