आते ठरी गयं!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आप्पांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "भाऊ, आते ठरी गयं! यंदा इंजिन बदलनंच शे!"

अहिराणी न कळणाऱ्यांसाठी सांगतो, आता ठरलं, यंदा इंजिन बदलायचंच. आप्पांचं हे ठरणं मी बरीच वर्षं ऐकतो आहे. ते दसऱ्याला ठरतं, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत मोडतं, होळीला पुन्हा धुगधुगी धरतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे-आमरस जेवल्यावर आप्पांच्या शेजारीच बाजेवर आडवं होतं.

हे आप्पा म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला एक सापडेल, तळोद्याला एक, नवापूरला बहुधा दोन. वय साठीच्या पुढं, शेती केळीची किंवा पपईची, मुलगा पुण्याला आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली ताडपत्रीनं झाकलेली एक जुनी पेट्रोल जीप. घरात रोजच्या वापराला एसीवाली नवी मोटारही असते, पण ती कोणत्या कंपनीची हे आप्पांना पटकन आठवत नाही. जीपच्या इंजिनाचा नंबर मात्र झोपेत विचारा.

जीप 1967 ची. वडिलांनी घेतलेली. कागद धुळ्याचे, कारण तेव्हा नंदुरबार हा जिल्हाच नव्हता, तो 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. महिंद्रानं विलीजची जीप मुंबईत जोडायला 1947 मध्ये सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही सीजे-3बी, उंच बॉनेटची. आत हरिकेन इंजिन, सुमारे 2200 सीसीचं. गिअर तीन. पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली. आप्पांनी विडी सोडून तंबाखू धरली, त्याचं कारण ते स्वतः 'तब्येत' असं सांगतात. त्यांच्या पत्नी, माई, 'टाकी' असं सांगतात.

या इंजिनावर आप्पांचं प्रेम आहे, आणि तक्रारही फक्त त्याच्याविषयीच आहे. लिटरला सहा-सात किलोमीटर चालते. घाटात किती चालते ते आप्पा सांगत नाहीत, विषय बदलतात. पण खरं दुखणं मे महिन्यातलं. उन्हाचा पारा पंचेचाळिसाकडं सरकला की पेट्रोलची पंपात पोचेपर्यंत वाफ होते, वाफ काही पंपाला कार्बोरेटरकडं ढकलता येत नाही, आणि इंजिन खोकून बंद पडतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर तोरणमाळला निघालो होतो. सातपायरी घाटातल्या एका वळणावर जीप थांबली. आप्पा शांतपणे उतरले. त्यांनी सीटमागून एक फडकं काढलं. बारकाईनं पाहिलं तर ते त्यांचंच जुनं बनियन होतं, दोन बाह्या गाठ मारायला सोयीच्या म्हणून राखलेल्या. माझ्या हातातली पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन त्यांनी ते भिजवलं आणि तापल्या पेट्रोल पंपावर असं हलक्या हातानं गुंडाळलं, की जणू तापानं फणफणलेल्या नातवाच्या कपाळावर घडी ठेवताहेत. चर्रर्र झालं. वीस मिनिटं आम्ही दगडावर बसलो. तेवढ्यात टपावरसुद्धा माणसं घेतलेली एक वडाप जीप वर चढून गेली. टपावरून एक जण ओरडला, "काय व्हयनं आप्पा?" आप्पांनी वरही न बघता उत्तर दिलं, "काही नही. हवा खाई ऱ्हायनूत." ती वडाप डिझेलवर चालत होती. आप्पांनी ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्या धुराकडं पाहिलं, आणि मग हळूच म्हणाले, "यंदा बदलनंच शे."

मग परिषद भरते. स्थळ कडुनिंबाखाली, बॉनेट उघडं, खाटा दोन, चहा अखंड.

पहिला मान मिस्त्रीचा. त्याचं मत रोखठोक असतं. भंगारात गेलेल्या बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय इंजिन आणायचं, फाउंडेशन नवीन बनवायची, जुन्या गिअर बॉक्सला जोडायला लेथवर मधली प्लेट काढून घ्यायची, रेडिएटर मोठा टाकायचा, झालं. "आठ दिवसांचं काम, आप्पा." मिस्त्रीचे आठ दिवस म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी काही बोलत नाही. मग तोच डोकं खाजवत पुस्ती जोडतो. डिझेल इंजिन वजनदार, तेव्हा पुढचे पाटे बसतील, ते बदलावे लागतील. डिझेल कमी फेऱ्यांवर चालतं, जीपचं क्राउन-पिनियन मात्र पेट्रोलच्या हिशेबाचं, म्हणजे तेही बदलायला हवं, नाहीतर जीप ओरडेल फार आणि पळेल कमी. ब्रेकही जुने, त्यांचंही काही बघावं लागेल. अर्ध्या तासात मूळ जीपमधलं आप्पा आणि स्टिअरिंग एवढंच उरतं.

दुसरा मान पुण्याहून सुट्टीला आलेल्या पुतण्याचा. तो डीआय ऐकून तोंड वाकडं करतो. "काका, सीआरडीई टाका. ताकद बघा तिची!" त्यात इंजिनाला एक मेंदू असतो आणि त्या मेंदूला जीपभर वायरी लागतात, हेही तो सांगतो. आप्पा विचारतात, "घाटात बंद पडली तर बनियन कुठं गुंडाळायचं?" पुतण्या म्हणतो, "लॅपटॉप लावायचा." एवढ्यावर सीआरडीई नापास होते. मग तो बॅटरीवर चालवायच्या किटचं नाव काढतो. आप्पा त्याला आणखी एक चहा देतात. घरात आलेल्या वेड्याशी गोड वागावं, असं त्यांना लहानपणी शिकवलेलं आहे.

तिसरे निवृत्त गुरुजी. ते खिशात चष्मा आणि डोक्यात कायदा घेऊन येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ते असं सांगतात, जसं हरिपाठातलं काही सांगावं. आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा फेरफार चालत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं, आणि इंधन बदलायचं तर मान्यतेचं किट आणि आरटीओची परवानगी लागते. "एमएच 39 च्या खिडकीवर तुम्ही पेट्रोलच्या बुकात डिझेलचं इंजिन घेऊन उभे राहाल, तेव्हा मी बरोबर येणार नाही," असं म्हणून ते बशीत चहा ओततात.

पण गुरुजींकडं औषधही असतं. केंद्र सरकारनं 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आप्पांचे डोळे चमकतात. व्हीए! पण गुरुजी पुढचं वाचतात. अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच काढायची.

"म्हणजे शेतात न्यायची नाही?"

"नाही."

"पेट्रोल भरायला न्यायची?"

"हो."

आप्पांनी क्षणभर हिशेब केला. "गुरुजी, ही लिटरला सहा चालते. पेट्रोल भरायला जाणं आणि येणं, आत्तासुद्धा ती दुसरं काय करते?"

परिषदेत माईंना कोणी बोलावत नाही. त्या चहा घेऊन येतात तेव्हा निकाल देऊन जातात. "यांचा उजवा गुडघा बदलला, डोळ्यातलं भिंग बदललं, दाढा बदलल्या. माणूस तोच ऱ्हायना का नही? मंग जीपनं काय घोडं मारलं?"

मिस्त्रीनं लगेच धागा पकडला. "बरोबर शे माई! आप्पांचा तर जिल्हासुद्धा बदलला, बसल्या जागी!"

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुडघ्यावर नंबर नव्हता." या एका वाक्यावर सभा बरखास्त झाली.

घोड्याचं नाव निघालंच आहे तर सारंगखेड्याचंही सांगितलं पाहिजे. तापीकाठच्या दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आप्पांना घोडा घ्यायचा नसतो, पण ते दात बघतात, भोवरे बघतात, देवमण आहे का विचारतात. एका वर्षी एका म्हाताऱ्या घोडेवाल्याला त्यांनी आपली अडचण सांगितली. तो हसला. "आप्पा, घोडं म्हातारं झालं की आम्ही त्याला विकतो, नाहीतर सांभाळतो. त्याच्या पोटात बैल घालायचा विचार अजून कोणाला सुचला नाही." आप्पांनी त्याच्यासाठी पाव किलो जिलेबी घेतली आणि त्या वर्षीचं ठरलेलं तिथंच, जिलेबीच्या कागदासकट, टाकून दिलं.

मीही एकदा हा प्रश्न कायमचा मिटवायला गेलो. वाचता वाचता माझ्या हाती एक बिनतोड मुद्दा लागला होता. ज्या उंच बॉनेटचा आप्पांना एवढा अभिमान, ते उंच का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. विलीजनं 1953 मध्ये आपल्या जुन्याच जीपमध्ये नवं हरिकेन इंजिन बसवायचं ठरवलं. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये होते, त्यामुळं इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कंपनीनं बॉनेटच उचललं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये थांबलं, आपल्याकडं महिंद्रानं पुढं चालू ठेवलं. पुढं त्यात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनल डिझेल बसवलं, त्यानंतर प्यूजोच्या परवान्यावरचं 2112 सीसीचं. थोडक्यात, आप्पा जिला 'मूळ' म्हणून छातीशी धरून बसले होते, तीच मुळात इंजिन बदललेली जीप होती. आणि इंजिन बदलणारी कंपनीच होती!

मी हे सगळं सांगितलं. आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. उठले, बॉनेटवरून हात फिरवला, उंचीचा अंदाज घेतला, पुन्हा बसले. त्यानंतर तीन दिवस त्यांचा फोन नाही. मला वाटलं, मी एका माणसाचा आधारच काढून घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला.

"भाऊ, तू सांगितलंस त्याचा मी विचार केला. कंपनीजवळ इंजिनिअर होते, कारखाना होता, पैसा होता. तरी त्यांना इंजिन बदलायला बॉनेट उचलावं लागलं. माझ्याकडं एक मिस्त्री आहे. मग मला ठरवायला वेळ लागणारच ना?"

मला तेव्हा कुठं उलगडलं. आप्पांना इंजिन बदलायचं नाही आणि ठेवायचंही नाही. त्यांना ते ठरवायचं आहे. एकदा बदललं की मिस्त्री येणार नाही, गुरुजी कलम सांगणार नाहीत, पुतण्या सुट्टीत दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसेल, आणि कडुनिंबाखाली नुसती एक चालू जीप उरेल. बंद बॉनेटभोवती कोण जमतं हो?

तेव्हा तुमच्या अंगणात अशी जुनी गाडी असेल आणि इंजिन बदलायची ऊर्मी आलीच, तर आधी आरसी बुक उघडा, मग आरटीओत विचारा, आणि मिस्त्रीला सगळ्यात शेवटी बोलवा. आणि नंदुरबारकडं आलात, एखादं उंच बॉनेट उघडं दिसलं, तर "कोणतं इंजिन टाकताय?" असं चुकूनही विचारू नका. विचारलंतच, तर उभे राहू नका. बाज मागून घ्या.